मदत हवी आहे: शुगर उतरेल या धास्तीने मी ती मुद्दाम वर ठेवतेय

वय २४, टाइप १ मधुमेह, अकराव्या वर्षापासून. इंजेक्शनचं आता काही वाटत नाही, जेवणातले कार्ब (पिष्ट-साखर) झोपेतही मोजेन. त्यामुळे अडलंय ते औषधापाशी नाही, डोक्यात अडलंय.

चार महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये बोलता बोलता शब्दच सापडेनात. स्लाइडवरची एक ओळ तीनदा वाचली, कळेना. घाम, धडधड. पर्समधल्या ग्लुकोजच्या गोळ्यांचा कागद बोटांना फाडता येईना, शेवटी शेजारच्या सहकाऱ्याने फाडून दिला. मीटरवर शुगर ४८. पंधरा-वीस मिनिटांत सावरले. नंतर सगळे माझ्याशी फारच जपून वागले, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून ऑफिसच्या दिवशी जेवणाआधीचं इन्सुलिन दोन-तीन युनिट कमीच घेते. २२०-२५० दिसलं की हायसं वाटतं! मग दिवसभर तहान आणि संध्याकाळी कोणावर तरी उगाच खेकसणं. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७.१ चं ८.८ झालंय. पुढे डोळ्यांचं, किडनीचं काय होतं ते मला पाठ आहे, कृपया त्यावरून घाबरवू नका. आधीच एक भीती पुरेशी आहे.

त्यात गंमत अशी की थरथर, घाम, धडधड शुगर उतरल्यावरही होते आणि नुसतं घाबरल्यावरही. दोन्हीकडे अ‍ॅड्रिनलिनच. मीटिंगआधी बोट टोचते, १४० येते, तरी एक गोळी तोंडात टाकतेच.

घरी फोन लावला की आईचा पहिला प्रश्न, "शुगर किती?" तिचा जीव तुटतो, कळतं मला. म्हणून १३० सांगून मोकळी होते. डॉक्टरांनाही युनिट कमी घेतल्याचं बोललेले नाही. ते रिपोर्ट बघून "कंट्रोल हवा" म्हणतात, मी प्रगतीपुस्तक हातात धरल्यासारखी मान हलवते. 'डायबेटिस डिस्ट्रेस' हा शब्द हल्लीच वाचला. डिप्रेशन नव्हे, रोजच्या या हिशेबाचा थकवा. वाचून रडले, पण याला नाव आहे म्हणून बरंही वाटलं.

हायपोच्या (शुगर फार उतरण्याच्या) अशा धास्तीतून कोणी बाहेर आलंय का? एकदम ११०-१२० वर यायची छाती होत नाही. डॉक्टरांना खरं सांगून टार्गेट हळूहळू खाली आणलं, असं कोणी केलंय? सुरुवात कशी केलीत, नेमके काय शब्द वापरलेत? सीजीएमच्या (अंगावर लावून सतत शुगर दाखवणाऱ्या सेन्सरच्या) अलार्मने धीर येतो, की दर पाच मिनिटांनी आकडा बघायचं नवीन वेड लागतं? समुपदेशक मधुमेहातला जाणकारच हवा की कोणीही चालेल?

आणि आईला न दुखवता तो पहिला प्रश्न कसा थांबवू?

ता. क. टाइप १ आहे, त्यामुळे घरगुती उपाय आणि "अमक्याचं इन्सुलिन सुटलं" हे कृपया नको.