गुठळी एकदा काढल्यावर पुन्हा लकवा आला, तर तोच उपचार दुसऱ्यांदा करता येतो का?

प्रश्न (निपाणी)
नमस्कार. गेल्या महिन्यात वडिलांना लकव्याचा झटका आला, तेव्हा जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून मेंदूच्या धमनीतील गुठळी काढण्यात आली. आता ते काठी घेऊन हिंडतात. हृदयाची झडप अरुंद व ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. एकदा तार घातलेल्या धमनीत पुन्हा तार घालता येत नाही, असे आमचे एक पाहुणे ठामपणे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर (फिजिशियन, बेळगाव)
खरे नाही. पुन्हा मोठी धमनी बंद झाली, तर गुठळी पुन्हा काढता येते, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तोच मार्ग अधिक महत्त्वाचा ठरेल. कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असले, तरी तीन महिन्यांत आधी झटका येऊन गेला असल्यास किंवा आयएनआर (रक्त किती पातळ आहे, हे दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) १.७ च्या वर असल्यास ते सहसा टाळतात. कॅथेटरने गुठळी काढण्यास ही बंधने त्याच प्रकारे लागू होत नाहीत. हा उपचार साधारणतः पहिल्या सहा तासांत करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉन आणि डिफ्यूज-३ या चाचण्यांनंतर, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसणाऱ्या निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करतात.

दुसऱ्यांदा केलेल्या उपचाराविषयीची माहिती मुख्यतः रुग्णालयांच्या जुन्या नोंदींतून आलेली आहे. तीत निवडक रुग्णांचे निकाल पहिल्या वेळेसारखेच दिसतात. मात्र झटक्यापूर्वी रुग्ण स्वतःचे व्यवहार कितपत करत होता, हे डॉक्टर पाहतातच. गुठळी नेमकी त्याच जागी झाली, तर धमनीच अरुंद आहे का किंवा पहिल्या वेळी आतील अस्तराला इजा झाली होती का, हे तपासावे लागते. वडिलांच्या बाबतीत हृदयातून नवी गुठळी जाण्याचा संशय आधी येईल.

उत्तर (खानापूर)
निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, हे खरे. पण केवळ अंतर पाहून गाडी वळवू नका. गुठळी काढणारे तज्ज्ञ आणि कॅथलॅब (कॅथेटरने उपचार करण्याची खोली) रात्रीही कुठे उपलब्ध असतात, हे दोन्हीकडे आजच विचारून ठेवा. पहिल्या अँजिओग्राफीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि आयएनआरची वही एकाच पिशवीत असू द्या.

उत्तर (औषधविक्रेता, चिकोडी)
संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली असेल, तर "नवी गोळी घ्या, रक्त तपासावे लागत नाही" हा सल्ला मानू नका. अशा रुग्णांतील २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्सॅबान या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनसारखी जुन्या पद्धतीची गोळी सरस ठरली. आयएनआर सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. पालेभाजीने या जुन्या गोळीचा परिणाम बदलतो, पण ती बंद करण्याची गरज नाही, तिचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. झटका झोपेत आला, तर वेळ कुठून मोजायची?

उत्तर (फिजिशियन, बेळगाव)
जाग आल्यापासून नव्हे, तर ते शेवटचे धडधाकट दिसले तेव्हापासून. रात्री दहाला नीट बोलून झोपले असतील, तर दहाच सांगा. म्हणजे कोणता स्कॅन करायचा, हे त्यावरून ठरेल.