कसारा घाटातला तांबडा पट्टा बॉक्साइटचा का?

गोदाकाठ: नाशिकहून कसारा घाट उतरताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो. तो बॉक्साइट (ॲल्युमिनियम ज्यातून काढतात तो दगड) का? शिवाय कोल्हापूरकडचा म्हणून एक पांढुरका, वाटाण्याएवढ्या गोळ्यांचा दगड मिळालाय, चिठ्ठीवर ‘गिब्साइट’. आपल्याकडच्या झिओलाइटपासून (काळ्या खडकाच्या पोकळ्यांत वाढणारी खनिजं) तो वेगळा कसा ओळखायचा?

काळापाषाण: नाही, तो रेड बोल. लाव्ह्याचा एक थर निवल्यावर त्याचा माथा झिजून माती झाली, वर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजली गेली. लोहामुळे रंग आला, पण सिलिका आत तशीच राहिली. बॉक्साइट व्हायचा तर सिलिका धुऊन जायला हवी. त्यासाठी भरपूर पाऊस, सपाट माथा, चांगला निचरा आणि प्रचंड काळ लागतो. म्हणून तो राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर) जांभ्याच्या सोबतीने मिळतो. बॉक्साइट हा खडक; त्यातली ॲल्युमिनियमची खनिजं म्हणजे गिब्साइट, बोहमाइट आणि डायास्पोर. आपल्या पठारावरच्या बॉक्साइटात गिब्साइटच जास्त.

मूस_आणि_चिमटा: घरच्या चाचण्यांवर फार विसंबू नका. गिब्साइटचा कठीणपणा 2.5 ते 3.5, स्टिलबाइट या झिओलाइटचा 3.5 ते 4; चाकूने दोन्हींवर ओरखडा उठतो. घनता 2.4 आणि 2.2, पण दगड सच्छिद्र असला की हा फरक बुडालाच. फुंकर मारल्यावर ओल्या मातीचा वास येतो, तसा केओलिनलाही (सिलिका असलेल्या पांढऱ्या चिकणमातीला) येतो.

खात्री हवी तर मफल भट्टी (प्रयोगशाळेतली बंद विजेची भट्टी) गाठा; तापवल्यावर आतलं पाणी जाऊन वजन किती घटतं ते बघायचं. आधी सौम्य आम्ल टाकून बघा, फसफसलं तर कॅल्साइट आहे. नसेल तर भुकटी 105 अंशांवर दोन तास वाळवा, 2 ग्रॅम मुशीत घ्या, झाकण ठेवा आणि 600 अंशांपर्यंत हळूहळू न्या. घाई केलीत तर वाफेबरोबर भुकटी उडते आणि घट फुगून दिसते. तासाभराने डेसिकेटरमध्येच (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. उघड्यावर उरलेलं ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) हवेतली ओल शोषतं. शुद्ध गिब्साइट सुमारे 34 टक्के घटतं, स्टिलबाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट 20 च्या आतच.

गोदाकाठ: आणि 13-14 आली तर?

मूस_आणि_चिमटा: स्कोलेसाइटही तेवढंच घटतं, पण ते सुयांसारखं वाढतं, गोळ्यांचं नसतं. तुमच्या दगडात मग केओलिन धरा. असा माल ॲल्युमिना काढणाऱ्या रिफायनरीला नकोच असतो: केओलिनची सिलिका तिथल्या कॉस्टिक सोड्यात विरघळते आणि सोडा, ॲल्युमिना दोन्ही घेऊन गाळात बसते. नुसतं गिब्साइट मात्र 150 अंशांच्या आतच विरघळतं.