शब्दचर्चा: ‘गोल्डन अवर’ला मराठीत काय म्हणावं?

पायवाट
गेल्या शनिवारी राजगडावर मुक्कामाला होतो. संध्याकाळी संजीवनी माचीवर चिलखती बुरुजाचे दहा-बारा फोटो काढले, त्यातला हा एक. कॅमेऱ्याची सेटिंग्ज: एफ ८, शटर १/१२५, आयएसओ १००, ट्रायपॉड नाही. डिसेंबरात गवत वाळून पिवळं पडलंय आणि तटाच्या एकेका चिऱ्याची कड वेगळी दिसतेय. दुपारी दोनला त्याच जागेवरून काढलेला फोटोही जोडलाय. त्यात तीच भिंत पुठ्ठ्याची वाटते.

पण विचारायचंय ते शब्दाबद्दल. फोटोखाली मराठीत एक ओळ लिहायला बसलो आणि ‘गोल्डन अवर’पाशी अडलो, म्हणजे सूर्य उगवल्यानंतरच्या आणि मावळण्याआधीच्या तिरप्या, सोनेरी उन्हाच्या वेळेपाशी. ‘सोनेरी तास’ लिहिलं, खोडलं. ‘सुवर्णतास’ लिहिलं, तेही खोडलं. ही उजेड बघत जगणाऱ्या लोकांची भाषा, तिच्यात याला शब्द नाही असं कसं होईल?

माळावरची
सुवर्णतास नकोच. पेपरात तो अपघाताच्या बातमीत येतो, जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवा म्हणून. तुमचा बुरूज चांगला धडधाकट आहे.

गोरज म्हणा की! तयार शब्द आहे, अर्थही तोच.

रोलवाले काका
अर्थ तोच नाही, थोडं थांबा. गोरज म्हणजे रानातून परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ, आणि त्यावरून ती वेळ. मी फिल्मच्या रोलच्या काळात ही धूळ टिपायला दोन उन्हाळे घालवलेत. सूर्य पाठीशी घेऊन उभा राहिलो की धूळ मळकट यायची, ढोरं मळकट यायची, सगळंच मळकट. ऊन समोरून घेतलं, जनावरांच्या पाठीमागून, तेव्हा धूळ पेटल्यासारखी झाली आणि शिंगांना सोन्याची किनार आली. छत्तीसपैकी दोन फोटो धड निघाले. तेव्हा गोरज या शब्दावर माझा जीव आहे.

अडचण अशी, की सकाळी गोरज नसते. गुरं रानाकडे जातानाही धूळ उडतेच, पण तिला कोणी गोरज म्हणत नाही आणि गोरज मुहूर्तावर सकाळी लग्न लागत नाही. फोटोग्राफरला हवी ती वेळ दिवसातून दोनदा येते.

पायवाट
काका, पटलं. कातरवेळ कसं वाटतं? की संधिप्रकाश?

रोलवाले काका
दोन्हींत सूर्य गेलेला. संधिप्रकाश म्हणजे सूर्य क्षितिजाखाली असतानाचा उजेड. तो निळसर असतो आणि त्यात सावल्या पडत नाहीत. तुमच्या फोटोत तर सावलीच सगळं काम करतेय. कातरवेळ त्याहून पुढची, तिच्यात उजेडापेक्षा मनाची हुरहुर जास्त. तिन्हीसांजा म्हणजे देवापाशी दिवा लावा आणि दारं उघडी ठेवा. कॅमेरा पिशवीत गेलेला असतो तोवर.

माळावरची
मग मला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी शोधतोय. मराठी त्या वेळेला नाव देतच नाही, ती क्रियापदं वापरते. आमची आजी घड्याळ बघत नसे. ‘उन्हं कलली, वाळवण उचला.’ ‘उन्हं उतरली, आता पाणी घाला झाडांना.’ ‘उन्हं डोंगराला लागली, पोरं कुठायत?’ प्रत्येक वाक्यात सूर्य वेगळ्या ठिकाणी आहे आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो.

आणखी एक बघा. दुपारी बारा वाजता आपण ‘ऊन लागतंय’ म्हणतो, एकवचनात. तिरपं झालं की ‘कोवळी उन्हं’, ‘कलती उन्हं’. अनेकवचन!

खडकवासलाकर
‘उन्हं तापली’ म्हणत नाही का आपण? तेही अनेकवचनच. नियम लगेच बसवू नका.

माळावरची
बरं, नियम नाही, कल म्हणा. पण ‘कोवळं ऊन’ आणि ‘कोवळी उन्हं’ एकदा मोठ्याने म्हणून बघा. दुसऱ्यात मला अंगणभर पसरलेल्या सावल्या दिसतात, पहिल्यात फक्त ड जीवनसत्त्व.

दूरदेशी
लंडनहून लिहितोय. मला ‘गोल्डन’चा प्रश्न पडत नाही, ‘अवर’चा पडतो. इथे जूनमध्ये सूर्य इतका आडवा-आडवा सरकत मावळतो की छान पाऊण तासाच्या वर तसं ऊन मिळतं. एक जागा झाली, दुसरी झाली, मधे थर्मासमधला चहा झाला, तरी ते आहेच. मार्चमध्ये पुण्याला आलो होतो, सिंहगडावर गेलो. लेन्स बदलून, पुसून, मान वर करतो तर खेळ खलास. सोबतचा मित्र म्हणाला, ‘आमच्याकडे एवढंच असतं.’

रोलवाले काका
दूरदेशी, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. आता हिशेबच मांडू.

सूर्य क्षितिजापासून सहा अंशांच्या आत खाली आला की ऊन सोनेरी व्हायला लागतं, असं फोटोवाले साधारण धरतात. तिथून किरणांना हवेच्या कितीतरी जाड थरातून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो, उरतो तो पिवळा-तांबडा. बघायचं असेल तर हात पुढे ताणून मधली तीन बोटं क्षितिजावर आडवी धरा, ते झाले पाच अंश. सूर्य तासाला पंधरा अंश फिरतो. लंडनला तो तिरका उतरतो म्हणून क्षितिज गाठायला वेळ लागतो. आपण साडेअठरा अक्षांशावर, आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली येतो, तासाला तेरा-चौदा अंश. म्हणजे सहा अंश उतरायला मिनिटं लागतात २५ ते २८.

आता सांगा, २४ मिनिटांना मराठीत काय म्हणतात?

खडकवासलाकर
घटका!

रोलवाले काका
घटका. दिवस-रात्र मिळून साठ. तेव्हा ‘अवर’ त्यांचा त्यांना लखलाभ, आपल्याकडे येते ती सोनेरी घटका. सकाळी एक, संध्याकाळी एक.

माळावरची
काका, गणित झकास, पण घटका म्हटल्यावर आज कोणाला २४ मिनिटं आठवतात? ‘घटकाभर टेका’ म्हणजे जरा वेळ बसा. पाच मिनिटंही असतील, दुपारची झोपही असेल.

रोलवाले काका
माझ्या लग्नात भटजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, भरून बुडाली की घटका झाली. सासरे मुहूर्त सोडून तिच्याकडेच बघत बसले होते. तेव्हा आठवणारे अजून आहेत. आणि शब्द वापरला की पुन्हा आठवतो. एक घटका म्हणजे साठ पळं, पळ २४ सेकंदांचं. ओढ्याचं पाणी दुधासारखं करायचं असेल तर ट्रायपॉडवर एक पळ पुरे.

पायवाट
आत्ता मेमरी कार्डवरच्या वेळा तपासल्या. बुरुजावरच्या सावल्या मऊ झालेला पहिला फोटो ५ वाजून ३६ मिनिटांचा. ५.५८ ला सूर्य खालच्या धुरकटात शिरला आणि पुढचे सगळे फोटो राखाडी. बावीस मिनिटं! काका, वाटी जवळजवळ भरलीच होती.

एक शंका. त्या बावीस मिनिटांतलेही पहिले चार फोटो डोळ्यांना दिसलं त्यापेक्षा फिके आलेत. असं का?

खडकवासलाकर
व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, ऑटोवर होता का? कॅमेऱ्याला वाटतं हा पिवळेपणा चूक आहे, तो दुरुस्त करतो आणि सोनं पुसून टाकतो. त्या वेळी सूर्याचं चिन्ह असलेल्या सेटिंगवर ठेवा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले फोटो, काढले असतील तर घरी बसूनही फिरवता येईल.

पायवाट
होता ऑटोवर. पाचव्या फोटोनंतर बदलला म्हणून हा वाचला.

माळावरची
विषयांतर करते, माफी. सगळे ‘फोटो काढला’ लिहितायत, ते मला फार आवडतं. इंग्रज फोटो ‘घेतो’. आपण रांगोळी काढतो, चित्र काढतो, तसाच फोटोही काढतो. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही उजेडाने रेखणं असाच आहे ना? ‘छायाचित्र’ करणाऱ्याने सावली धरली, बंगालीने ‘आलोकचित्र’ म्हणून उजेड धरला, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातलं क्रियापद कोणी न सांगता बरोबर जागी जाऊन बसलं.

दूरदेशी
छायाचित्रही चूक नाही हो. काकांनी वर सांगितलंच आहे की सावलीच काम करतेय.

पायवाट
सगळ्यांचे आभार. ओळ ठरली: ‘चिलखती बुरूज, राजगड. शेवटची घटका.’

माळावरची
अहो! शेवटच्या घटका मोजतात ते खाटेवरचे. पुरातत्त्ववाले धावत येतील.

पायवाट
बदलतो. ‘कलती उन्हं, राजगड.’ तुमच्या आजींची ओळ घेतली तर चालेल ना?

माळावरची
चालेल. तिला फोटोही दाखवते. ती विचारेल, एवढ्या उन्हात वाळवण कुठाय?