मदत हवी आहे: राज्य स्पर्धेआधी क्रीडा मानसशास्त्रज्ञ तातडीने हवे आहेत

मुलुंडकरीण: मुंबईत, शक्यतो मध्य रेल्वेच्या बाजूला, चांगले क्रीडा मानसशास्त्रज्ञ कोणाला माहीत आहेत का? राज्य स्पर्धेला ५ आठवडे उरले आहेत आणि मुलीचे सरावात लक्ष लागत नाही. तिच्या प्रशिक्षकांच्या मते एकाग्रतेची चार-पाच सत्रे झाली, की ती पूर्ववत होईल. आठवड्याला एक सत्र पुरते का आणि शुल्क किती असते, एवढेच कळले तरी चालेल. कृपया लवकर सांगावे.

धावपट्टी: ताई, खेळ कोणता, मुलीचे वय किती, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. दुखापत झाली आहे का? लक्ष लागत नाही, म्हणजे ती कंटाळली आहे, घाबरली आहे, की सकाळी अंथरुणातून उठतच नाही?

मुलुंडकरीण: वय १७, बारावी विज्ञान, ४०० मीटर अडथळा शर्यत. जुलैमध्ये नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. आता धावण्याची परवानगी मिळाली आहे, पण वेळ ३ सेकंदांनी मागे पडली आहे. पहाटेची लोकल तिने सात वर्षांत कधी चुकवली नव्हती, हल्ली उठवावे लागते. दहावीला ९४ टक्के होते. मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळेल का?

निवृत्त_क्रीडाशिक्षक: बारावीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव मुदतीत गेला आहे ना, हे महाविद्यालयात जाऊन पाहा. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रमाणपत्रेही आताच जपून ठेवा.

अंतर्मुख: माझ्या मुलाला इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिराने फार लाभ झाला. मानसशास्त्रज्ञावर पैसे घालवण्यापूर्वी हा मार्ग अवश्य पाहावा.

परळची_डॉक्टर: मी मनोविकारतज्ज्ञ आहे. जी मुलगी सकाळी उठेनाशी झाली आहे आणि जिची उभारी गेली आहे, तिला आत्ता १० दिवस मौनात एकटे ठेवणे मला योग्य वाटत नाही. ताई, ती नीट जेवते का? पाळी नियमित आहे का? धावपटू मुलींच्या बाबतीत हे विचारावेच लागते, कारण व्यायामाच्या मानाने आहार कमी पडला की पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात आणि मनही खचते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली.

मुलुंडकरीण: पाळी मार्चपासून आलेली नाही. खेळाडूंमध्ये असे चालतेच, असे आम्हाला सांगण्यात आले होते. पण या आठवड्यात ती बरीच शांत झाली आहे, सगळ्यांशी गोड वागते. रविवारी तिने धावण्याचे नवे स्पाइक्स बूट एका धाकट्या मुलीला दिले आणि पदके मामेबहिणीकडे ठेवायला दिली. धाकट्या भावाला म्हणाली, "मी नसले तरी आईला त्रास देऊ नकोस." ती पुण्याच्या महाविद्यालयाबद्दल बोलत असावी.

परळची_डॉक्टर: ताई, स्पर्धेचा विषय आता बाजूला ठेवा. जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे बोलणे आणि बरेच दिवस खचल्यावर एकाएकी शांत होणे ही आत्महत्येच्या विचारांची लक्षणे असू शकतात. आजच तिच्याजवळ बसा आणि स्पष्ट विचारा, "तुला जगू नये असे वाटते का? जीव द्यावा, असा विचार मनात येतो का?"

अंतर्मुख: हे धोकादायक आहे. ज्या मुलीच्या मनात तसे काही नसेल, तिच्या मनात आपणच ते घालून देऊ.

परळची_डॉक्टर: हा समज फार खोलवर रुजलेला आहे, पण तो खरा नाही. विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून बोलता येते.

मुलुंडकरीण: पण तिला कशाची कमतरता आहे? राज्यात पहिली येणारी मुलगी असा विचार कसा करील?

धावपट्टी: मायकेल फेल्प्स यांच्या नावावर ऑलिंपिकची २३ सुवर्णपदके आहेत आणि २०१२ च्या ऑलिंपिकनंतर आपल्याला जगावेसे वाटत नव्हते, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अभिनव बिंद्रा यांनीही २००८ च्या सुवर्णपदकानंतर आलेल्या पोकळीबद्दल उघडपणे सांगितले आहे. मी स्वतः १९ व्या वर्षी गुडघ्यामुळे मैदान सोडले, तेव्हा घरातले सगळे माझ्या गुडघ्याची चौकशी करत असत. धावणे गेले तर मी कोण उरतो, हे मला कोणाला विचारताच येत नव्हते. जी मुले कधी चुकत नाहीत, त्यांना आपण बुडतो आहोत हे सांगणेही चुकण्यासारखेच वाटते.

मुलुंडकरीण: औषधे दिली आणि उत्तेजक चाचणीत काही सापडले, तर तिच्यावर बंदी येईल. शिवाय प्रशिक्षकांना कळले, तर ते तिला संघातून काढतील.

परळची_डॉक्टर: नैराश्यावर सामान्यतः दिली जाणारी सेर्ट्रालिन किंवा फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत नाहीत. तरीही ती खेळाडू आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते यादी पाहूनच औषध लिहितील. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय असते; प्रशिक्षकांना काय सांगायचे, हे तुम्ही दोघींनी ठरवायचे. घरातील सर्व औषधे, वेदनाशामक गोळ्यांसह, कुलपात ठेवा आणि तिला एकटी सोडू नका. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. ती "हो" म्हणाली, तर उद्याच्या ओपीडीची वाट पाहू नका. शीव, केईएम किंवा नायर, जे जवळ असेल तेथे अपघात विभागात आजच जा.

निवृत्त_क्रीडाशिक्षक: ताई, माझा मघाचा प्रतिसाद अगदीच अस्थानी होता. मी ठाण्यात राहतो. सोबत हवी असेल, तर मी आणि माझी पत्नी लगेच निघतो.

मुलुंडकरीण: विचारले. बराच वेळ ती भिंतीकडे पाहत राहिली, मग "हो" म्हणाली. मे महिन्यापासून, म्हणजे हाड दुखू लागण्याच्याही आधीपासून. मी रागावले नाही, फक्त तिचा हात धरून ठेवला. १४४१६ वरच्या ताईंशी ती स्वतः बोलली. आता हे आणि मी तिला घेऊन टॅक्सीने शीवला निघालो आहोत, धाकट्याला शेजारी ठेवले आहे. सर, तुमचे आभार, सोबत आहे. प्रशिक्षकांचे दोन फोन येऊन गेले, मी उचललेले नाहीत. तिला भूक लागली आहे म्हणते, तेथे पोहोचल्यावर काही खायला दिले तर चालेल का?

परळची_डॉक्टर: चालेल. आत्ताच द्या.