मदत हवी आहे: नेरूळहून दुबईला. जुलैत बाहेर धावायचं कसं?

जूनअखेर कामासाठी दुबईला जातोय, मुक्काम देऱ्याला. सध्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेच्या ट्रॅकवर आठवड्यातून चारदा ८ किमी, किलोमीटरला पावणेसात मिनिटं. ट्रेडमिल आवडत नाही. वेळ, पाणी, बूट याबद्दल नेमकं सांगा. आणि 'तिकडची हवा कोरडी, घाम येतच नाही' हे कितपत खरं?

करावेकर
कोरडी हवा आत वाळवंटात. देरा खाडीला आणि समुद्राला लागून आहे. जुलै-ऑगस्टात पहाटेही पारा ३०च्या आसपास असतो, वर दमटपणा. त्यामुळे तापमानाचा आकडा सोडा, हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमते ते; जितका वर, तितकी हवा दमट) बघा. २० अंशांपर्यंत निवांत धावा. २४च्या पुढे वेग आपोआप पडतो, पडू द्या. २७च्या वर असेल तर त्या दिवशी चालाच. घाम निथळून काही होत नाही, तो वाळला तरच अंग गार होतं, आणि दमट हवेत तो वाळतच नाही. नेरूळला मेमध्ये दवबिंदू २५-२६ असतोच, म्हणजे तुम्ही अगदीच नवखे नाही.

शरीराला सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात. पहिले चार दिवस २० मिनिटं, ३ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं. मग दर दोन दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. घड्याळातला वेग झाकून ठेवा, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर. दिवसभर एसीत बसून ही सवय लागत नाही आणि दोन-तीन आठवडे खंड पडला की उतरते.

वेळ पहाटेचीच. साडेचारला सुरू करा, उजाडायच्या आत आटपा. सूर्यास्तानंतर डांबर आणि भिंती बराच वेळ धग सोडत असतात.

उपवन
पाण्याचा अंदाज बांधू नका, मोजा. धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर घाम. वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. तासाला एक-सव्वा लिटर जाणं नेहमीचं. सगळं वाटेतच भरून काढायची गरज नाही, दर १५ मिनिटांनी १५० मिली पुरे. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते. लोक त्यालाच 'पाणी कमी पडलं' समजून आणखी पितात.

मिठासाठी ओआरएसची पुडी, १ लिटरला एक. जाताना इथूनच न्या, पण पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघून. नुसत्या नावात ओआरएस असलेली गोड पेयं वेगळी. ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने (आपल्याकडचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) तसं नाव वापरायला मनाई केली ती याचसाठी.

प्रश्नकर्ता
ॲलर्जीची गोळी रोज रात्री घेतो. चालेल?

उपवन
जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी घाम कमी येतो. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. डॉक्टरांना 'उन्हाळ्यात बाहेर धावणार आहे' असं स्पष्ट सांगून विचारा.

खारघर
मार्ग छोटा ठेवा, एक-दीड किलोमीटरच्या फेऱ्या. चार किलोमीटर जाऊन परतायचं ठरवलंत तर त्रास नेमका लांबच्या टोकाला होतो. देऱ्याहून अल ममझारचा किनारा जवळ. अर्धी बाटली आदल्या रात्री फ्रीझरमध्ये आडवी गोठवा, सकाळी वर पाणी ओता.

बूट अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात. मोजे सुती नकोत. घाम पोटऱ्यांवरून बुटात उतरतो, पाचव्या किलोमीटरला पचपच आवाज आला की फोड ठरलेलाच. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. बूट गाडीच्या डिकीत सोडू नका, सोलचा गोंद सुटतो.

बोलणं अडखळलं, चाल लडखडली, माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात. घाम येत असला तरी. आधी गार करा: कपडे ढिले, अंगभर पाणी, मान-काख-जांघेत बर्फ. त्याच वेळी दुसऱ्याने ९९८ला (तिथली रुग्णवाहिका) फोन करायचा.

आणि हो, तिथे गच्चीवरच्या टाकीमुळे उन्हाळ्यात थंडाचा नळही गरम येतो. गीझर बंद ठेवला की त्यातलं पाणी खोलीइतकं थंड राहतं, मग आंघोळीला गरमाचा नळ सोडायचा.