द्रुतातच आवाज का फाटतो? आधी कार्ट्रिज सरळ करा (मतं द्या, भांडा)

ऐकबहाद्दर:
परवा मित्राकडे ख्यालाची एलपी लावली होती. विलंबित झकास. द्रुत सुरू झालं आणि तानांवर आवाज चिरकायला लागला. मित्र म्हणे, रेकॉर्ड झिजलीय. मी हेडशेलचे (टोनआर्म म्हणजे सुई धरणारा दांडा, त्याच्या टोकाची पकड) दोन स्क्रू ढिले केले, कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली छोटी डबी, जेमतेम दोन मिलिमीटर पुढे घेतलं, किंचित वळवलं. तीच तान, स्वच्छ! मूळ तबकडी कापणारं हेड सरळ रेषेत सरकतं, आपला टोनआर्म मात्र खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा गोल फिरतो. त्यामुळे सुई खाचेत अगदी सरळ बसते ती फार तर दोन जागी. म्हणून म्हणतो, महागडा अँप घेण्याआधी प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुई सरळ बसवायची मापपट्टी, घ्या.

जुनी खरखर:
साफ असहमत. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत, बाजू संपते तिथे, ६ सेंटिमीटर त्रिज्येवर फक्त २१. म्हणजे तीच तान निम्म्याहून कमी जागेत कोंबलेली. हे कुठला प्रोट्रॅक्टर बदलणार? मी स्वतः महिनाभर कार्ट्रिज हलवत बसलो होतो. शेवटी भिंगातून बघितलं तर सुईच्या टोकाला राखाडी लोकरीचा गोळा. त्यात सुईवर वजन १.४ ग्रॅम लावलेलं, माझ्या कार्ट्रिजला हवं २. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, हा गोड गैरसमज. सुई खाचेत नाचते आणि भिंती खरवडते.

ऐकबहाद्दर:
वजनाचं मान्य. पण आत जागा कमी म्हणूनच तर तिथला तिरकेपणा जास्त टोचतो ना? एकाच अंशाची चूक १२ सेंटिमीटरवर जेवढी बिघडवते, त्याच्या दुप्पट ६ वर.

मधली पट्टी:
दोघंही मुद्द्याच्या आसपास फिरताय. प्रोट्रॅक्टर कुठला ते बोला, त्याचे हिशोब वेगवेगळे असतात. बेअरवाल्डच्या हिशोबात सुई मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सरळ असते, स्टीव्हन्सनच्या हिशोबात ६०.३ आणि ११७.४ वर. स्टीव्हन्सन शेवट सांभाळतो, त्याची किंमत मधल्या भागात मोजावी लागते. ख्यालाच्या रेकॉर्डवर द्रुत नेमकं शेवटी येतं, म्हणून मी डोळे झाकून स्टीव्हन्सन. सिनेमाच्या गाण्यांची एलपी असेल, एका बाजूला पाचसहा गाणी, तर बेअरवाल्ड बरा.

आणि घरी प्रिंट काढणाऱ्यांनो, पट्टीनं मोजून बघा. प्रिंटर परस्पर 'पानात बसवतो' आणि १०० मिलिमीटरचे ९७ होतात. मग तासभर डोळे फोडून कार्ट्रिज चुकीच्याच जागी बसतं.

टेक्निक्सवाला:
माझ्याकडे टेक्निक्सचा टर्नटेबल, एसएल-१२००. कंपनीच्या मापानं सुईचं टोक हेडशेलच्या मागच्या रबरापासून ५२ मिलिमीटरवर. बसवलं, विसरलो. तुम्ही गाणी कधी ऐकता?

जुनी खरखर:
ऐकबहाद्दर, एकच प्रश्न. मित्राकडे स्क्रू ढिले करण्याआधी सुई पुसली होती का?

ऐकबहाद्दर:
पुसली नव्हती. कार्ट्रिज हातात होतंच, तेव्हा जाता जाता ब्रश फिरवला.

जुनी खरखर:
:)

ऐकबहाद्दर:
बरं बरं. रविवारी परत जातो, कार्ट्रिज मुद्दाम होतं तसं मागे घेतो आणि सुई स्वच्छ ठेवून तीच तान लावतो. मग बोलू.