वहीतलं 'जय हरी' ट्रॅक्टरवर कापायचंय, स्कॅन कटरवर नीट जाईना

रेडियमवाला, उदगीर

नमस्कार मंडळी. माझं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेट, ट्रॉल्या, ऑटोच्या काचा असलं रोजचं काम. २४ इंची चायना प्लॉटर (रेडियम कापायचं मशीन), डिझाइन कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर), कटिंग पीएलटी फाइलवरून (कटरला द्यायची रेघांची फाइल).

एक शेतकरी वडिलांची हिशोबाची वही घेऊन आलाय. वडील गेले दोन वर्षांमागं. दर पानाच्या डोक्यावर त्यांनी 'जय हरी' लिहिलंय, खाली खताची पोती, सालगड्याची उचल, असं सगळं. त्याला तेच 'जय हरी', तसंच्या तसं, नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पाहिजे. मी म्हणलं, श्रीलिपीत एक से एक फॉन्ट आहेत, त्यातला लावू. तर म्हणतो, "फॉन्ट तर सगळ्यांच्याच ट्रॅक्टरवर हाय."

वहीत शब्द ४ सेंटिमीटर रुंद आहे, बॉनेटवर १६ इंच करायचाय. निळा बॉलपेन, पान पिवळं पडलेलं, त्यावर फिकट निळ्या ओळी आणि समासाची लाल रेघ नेमकी 'ज'मधून गेलेली. मोबाइलवर फोटो काढला, मेसेजमधून कॉम्प्युटरवर घेतला, कोरलमध्ये ट्रेस मारला, म्हणजे फोटोवरून अक्षराच्या कडेच्या रेघा काढून घेतल्या. स्क्रीनवर झकास दिसतंय. पण कटरला दिलं की हेड टक टक टक अडकत चालतंय, एकाच अक्षराला दोन-दोन, तीन-तीन कापे बसायलेत आणि सोलताना कडेचे कपचे निघायलेत. नोड (रेघेवरचे वळणाचे बिंदू) मोजले तर २३०० च्या वर. ब्लेड नवीन टाकलं, प्रेशर कमी-जास्त केलं, सव्वा मीटर रेडियम कचऱ्यात गेलं. दसऱ्याच्या आत द्यायचंय. कुठं चुकायलंय?

कोरलवाली, लातूर

दादा, ब्लेडला बिचाऱ्याला सोडा. व्ह्यू मेनूत जाऊन वायरफ्रेम करा आणि मग बघा. रंग जातो, नुसत्या रेघा उरतात. कटरला तेवढंच दिसतं. तुम्ही रंगीत फोटो ट्रेस केलाय, म्हणून गडद निळ्याचा एक आकार, फिक्या निळ्याचा दुसरा, पिवळ्या कागदाचा तिसरा, असे एकावर एक थर बसलेत. कटर इमानदारीत सगळे कापतो.

ट्रेसच्या आधीच चित्र काळं-पांढरं झालं पाहिजे, नव्वद टक्के काम तिथंच आहे. मोबाइलचा फोटो टाकून द्या. झेरॉक्सच्या दुकानात फ्लॅटबेड स्कॅनर असतो, तिथं ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल), रंगीतच, स्कॅन करून घ्या आणि पेनड्राइव्हवर आणा. मेसेजमधून गेलं की फोटो दाबला जातो आणि अक्षराच्या कडेला धूळ उडाल्यासारखे ठिपके येतात. त्या ठिपक्यांचेच तुमचे नोड झालेत. ६०० ला ४ सेंटिमीटरचे साडेनऊशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, बॉलपेनची अर्ध्या मिलिमीटरची रेघ १२ पिक्सेल जाड येते. तेवढी पुरते.

मग फोटोशॉपमध्ये चॅनेल (चित्राचे लाल, हिरवा, निळा असे वेगळे थर) उघडा आणि फक्त लाल चॅनेल ठेवा. निळी शाई त्यात काळी दिसते आणि समासाची लाल रेघ पांढऱ्यात जाते. फिकट ओळी राखाडी उरतील, त्या थ्रेशोल्डनं (ठराविक हद्दीपेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं) उडतात.

थ्रेशोल्डच्या आधी चित्र तिप्पट मोठं करा आणि दोन-तीन पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या. अक्षर धूसर होतंय म्हणून घाबरू नका. थ्रेशोल्ड मारला की कड परत धारदार होते, फक्त पायऱ्या जातात. मग कोरलमध्ये आउटलाइन ट्रेस, लाइन आर्ट. डिटेल कमी ठेवा आणि मूळ चित्र डिलीट करा.

सेंटरलाइन ट्रेसच्या नादी लागू नका. रेघ सगळीकडं एकाच जाडीची येते, पेन कुठं दाबला होता ते जातं.

पॉलिटेक्निकवाला, नांदेड

कोरल नसेल तर इंकस्केप फुकट आहे. पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप, सिंगल स्कॅन, ब्राइटनेस कटऑफ. खालची स्पेकल्सची खूण चालू ठेवा, बारीक ठिपके आपोआप गळतात. नंतर कंट्रोल-एल दाबलं की नोड कमी होतात, पण पटापट दाबू नका. लागोपाठ दाबलं की दर वेळी जास्त छाटतं, चौथ्यांदा 'ह'चा शेंगदाणा होतो. अनुभव आहे.

जुना पेंटर, परभणी

पोरांनो, बाकीचं बरोबर सांगितलंत. मी पंचवीस वर्षं ब्रश चालवलाय. चौकटी आखून कागदावरचं अक्षर भिंतीवर मोठं करायचो, आता नातवाच्या प्लॉटरवर बसतो. म्हणून एक सांगतो. नोड कमी करताना कोणते काढले ते बघा.

दहापट मोठं केल्यावर दोन प्रकारचे खड्डे दिसतात. एक कागदाचा. शाई तंतूत शिरते, त्यानं कड करवतीसारखी होते. तो खुशाल घासून काढा. दुसरा हाताचा. म्हातारा माणूस 'ह'च्या पोटात येऊन क्षणभर थांबला असेल, तिथं शाई साचून गाठ झाली असेल. वेलांटी काढताना हात कापला असेल. मशीनला दोन्ही सारखेच. स्मूदिंग पूर्ण सरकवलंत तर दोन्ही जातील, आणि गिऱ्हाईक म्हणंल, हे आमच्या बापाचं नाही. वही शेजारी उघडी ठेवा आणि शेप टूलनं एकेक नोड बघत काढा. तासाभराचं काम आहे.

आणि शिरोरेघ. हातानं लिहिताना ती शेवटी ओढतात, 'ज'ला टेकते, 'य'ला टेकत नाही. पेनच्या रेघेएवढी फट राहिली असेल तर दहापटीत चार-पाच मिलिमीटर होते, दिसायला छान दिसते, राहू द्या. पण रेघेवर रेघ चढली असेल तिथं वेल्ड करा, म्हणजे दोन्ही आकार जोडून एक करा. फॉन्टच्या मराठीलाही तेच: कर्व्ह करून (फॉन्टचा नुसता आकार करून) वेल्ड केलं नाही तर दर अक्षराच्या सांध्यात शिरोरेघेला उभी चीर पडते. अर्ध्या दुकानांत अजून पडते.

रेडियमवाला, उदगीर

झालं! लाल चॅनेलची गोष्ट मला माहीतच नव्हती, समासाची रेघ बघता बघता गायब. फक्त 'ज'वर जिथं ती शाईला ओलांडते तिथं बारीक खाच राहिली होती, ती हातानं बुजवली. नोड १६० वर आले. हेड पाण्यासारखं फिरलं.

काका, 'ह'ची गाठ खरंच होती. काढली नाही. 'री'च्या वेलांटीत दोन बाक आहेत, तेही ठेवले.

लावताना मात्र फजिती केली. दुपारी दोनला ट्रॅक्टर दुकानापुढं उन्हात उभा, बॉनेट तव्यासारखं. मास्किंग (रेडियम उचलून लावायचा चिकट कागद) टेकवलं की रेडियम जागीच धरलं, सरकेना, 'य' ताणला गेला. दुसरं कापून सकाळी सातला शॅम्पूच्या पाण्यावर लावलं, तेव्हा बसलं. गिऱ्हाईकानं वही बॉनेटवर ठेवून दोन्ही मिळवून बघितलं आणि काही न बोलता पैसे काढले.

आता म्हणतो ट्रॉलीच्या मागं पण पाहिजे, साडेतीन फूट. त्याच फाइलवरून होईल का, का परत स्कॅन करू?

कोरलवाली, लातूर

त्याच फाइलवरून. आकार पाहिजे तेवढा ताणा, कड फाटत नाही. शब्द रोलच्या लांबीत घ्या, उंची सोळा-एक इंच होईल, २४ मध्ये आरामात बसते. फक्त कटिंगच्या आधी चार-साडेचार फूट रेडियम रोलवरून सोडून मोकळं ठेवा. मशीननं रोल ओढत कापलं की शेवटच्या वेलांटीपर्यंत तिरकं जातं.